सायलेन्सरच्या उष्णतेचं गणित

इंजिनं, भट्ट्या, बॉयलर यांच्यातून रोज प्रचंड उष्णता हवेत जाते. तिची थेट वीज करणारे पदार्थ आहेत, पण चांगला पदार्थ सापडणं महाकठीण. हा शोध आता कॉम्प्युटरवर सुरू होतो आणि त्यात शिरायला तुमचा साधा लॅपटॉपही चालतो. फक्त एक अट आहे. कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे कळायला हवं.

क्रांती चौकाच्या सिग्नलला गर्दीत बाईक थांबते, शेजारच्या गाडीच्या सायलेन्सरला पाय लागतो आणि चर्रकन चटका बसतो. हा अनुभव नसलेला कॉलेजकुमार शहरात शोधून सापडायचा नाही. पण त्या चटक्याचे पैसे कुणीतरी पेट्रोल पंपावर मोजलेले असतात, हे आपल्या डोक्यात येत नाही. पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश चाक फिरवायच्या कामी येते. उरलेली बहुतेक सगळी इंजिनातून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन हवेत निघून जाते. म्हणजे शंभराचं पेट्रोल टाकलं, तर सत्तरेक रुपये हवा तापवण्यात गेले.

एका बाईकचं हे असं. आता वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या भट्ट्या, बॉयलर, कॉम्प्रेसर डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतली लॉरेन्स लिव्हरमोर ही राष्ट्रीय प्रयोगशाळा देशात वापरलेल्या ऊर्जेचा हिशेब दरवर्षी मांडते. त्यात साधारण दोन तृतीयांश ऊर्जा कामी न येता वाया गेलेली दिसते, आणि तिचा मोठा भाग उष्णताच असतो. ही उष्णता परत पकडून तिची वीज करता आली तर?

येते. तीही टर्बाइन न फिरवता, वाफ न करता, एकही हलता भाग न वापरता. या पदार्थांना थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ म्हणतात. आणि हे जर येतं, तर अजून प्रत्येक सायलेन्सरवर का नाही बसवलं, हा तुमच्या मनात आलेला प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या उत्तरातच हा सगळा विषय आहे.

पाणचक्कीकडे पुन्हा एकदा बघा

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कट्ट्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, 'एवढ्या उन्हात मराठवाड्याची सगळी वीज इथेच तयार होईल राव!' सोलर पॅनलबद्दल हे बरोबर आहे, कारण ते प्रकाशावर चालतं. पण नुसत्या उकाड्यातून वीज निघत नाही. का नाही, हे समजायला पाणचक्कीपर्यंत जाऊन या.

तिथे उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलंय. ते उंचावरून खाली पडतं, पाती फिरतात, पात्यांबरोबर जातं फिरतं. एके काळी त्यावर दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळलं जायचं. आता विचार करा, खालच्या हौदात कितीही पाणी असलं तरी ते जातं फिरवेल का? नाही. पाणी किती आहे यापेक्षा ते किती उंचीवरून पडतं, हे महत्त्वाचं. जातं फिरतं ते उंचीच्या फरकावर.

उष्णतेचंही तसंच आहे. सगळीकडेच ४२ अंश असेल, तर तो भरलेला हौद झाला. वीज हवी असेल तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागते. गरम बाजूकडून थंड बाजूकडे उष्णता 'पडते', आणि तिच्या वाटेत आपल्याला जातं बसवायचं असतं. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ म्हणजे ते जातं. त्यात फिरतात ते इलेक्ट्रॉन.

कंपासची सुई, कंदील आणि व्हॉयेजर

ही गोष्ट २०० वर्षं जुनी आहे. १८२१ मध्ये थॉमस सीबेक या शास्त्रज्ञानं दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून कडं केलं आणि एक सांधा तापवला. शेजारची कंपासची सुई हलली. सीबेकला वाटलं, उष्णतेनं चुंबकत्व तयार झालं. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेमुळे हलत होती. गरम टोकाकडचे इलेक्ट्रॉन जास्त धावपळ करतात आणि थंड टोकाकडे पसरतात, त्यामुळे दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं. एका अंशाच्या फरकाला किती व्होल्टेज मिळतं, त्याला सीबेक गुणांक म्हणतात. तांब्यासारख्या धातूत हा आकडा एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-चार पट, म्हणजे फारच किरकोळ. बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकात तो २०० च्या आसपास जातो.

अर्धवाहक हाताशी आले तसा या कल्पनेत जीव आला. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात रॉकेलच्या कंदिलाच्या काचेवर बसवायचं थर्मोइलेक्ट्रिक उपकरण मिळायचं. वीज न पोचलेल्या गावात एकाच कंदिलावर उजेडही पडायचा आणि रेडिओही वाजायचा. १९७७ मध्ये सुटलेली व्हॉयेजर यानं अजूनही याच तत्त्वावर जिवंत आहेत. सूर्यापासून इतक्या लांब सोलर पॅनल निरुपयोगी, म्हणून त्यांच्यात किरणोत्सारी प्लुटोनियमची उष्णता आणि सिलिकॉन-जर्मेनियमचे तुकडे आहेत. निघताना प्रत्येक यानावर अशी सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. दशकं उलटली, ग्रह मागे पडले, वीज कमी होत गेली, पण बंद पडली नाही. हलता भागच नाही म्हटल्यावर झिजणार काय?

मग जे व्हॉयेजरवर चालतं, ते वाळूजच्या भट्टीवर का चालत नाही? कारण महाग आहे आणि कमी वीज देतं. अवकाशात दुसरा पर्यायच नव्हता, इथे महावितरणची तार दारात आहे. तिच्याशी स्पर्धा करायची तर पदार्थच सुधारायला हवा.

एकाच पदार्थाकडून तीन उलटसुलट मागण्या

चांगला थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ ओळखायचा एक आकडा आहे. त्याला 'झेडटी' म्हणतात. सूत्र बारावीच्या मुलालाही कळेल असं आहे:

झेडटी = (सीबेक गुणांक)² × विद्युतवाहकता × तापमान ÷ उष्णतावाहकता

तापमान केल्व्हिनमध्ये. झेडटी जितकी मोठी, तितका पदार्थ चांगला. म्हणजे आपल्याला काय हवंय ते बघा. सीबेक गुणांक मोठा हवा. वीज सहज वाहायला हवी. आणि उष्णता मात्र अडायला हवी, कारण ती सुसाट पलीकडे गेली तर दोन्ही बाजू सारख्याच तापतील आणि फरकच उरणार नाही.

कागदावर सोपं आहे. गोची अशी की या तिन्ही गोष्टी एकमेकींचे पाय ओढतात. वीज चांगली वाहावी म्हणून पदार्थात इलेक्ट्रॉन वाढवले, तर सीबेक गुणांक घटतो. शिवाय इलेक्ट्रॉन वीज नेताना सोबत उष्णताही नेतात. धातूत या दोन वाहकता हातात हात घालून चालतात, हे व्हीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्येच दाखवलं होतं. काच घेतली तर उष्णता अडते, पण वीजही अडते. तांबं घेतलं तर दोन्ही सुटतात.

एक वाट मात्र उरते. घन पदार्थात उष्णता दोन मार्गांनी जाते. थोडी इलेक्ट्रॉनबरोबर आणि बाकीची अणूंच्या थरथरण्यातून. एक अणू हलला की शेजारचा हलतो, त्याचा शेजारी हलतो, अशी लाट पुढे जाते. या लाटांना फोनॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनला हात न लावता फक्त फोनॉन अडवता आले, तर काम होतं. जालना रोडवर एखाद्या ठिकाणी उंचीचा अडथळा लावतात ना, बाईक खालून सुटते आणि ट्रक अडकतो, तसला अडथळा अणूंच्या पातळीवर हवा. ग्लेन स्लॅक या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात याला फार छान शब्द दिले. इलेक्ट्रॉनला स्फटिक वाटावा आणि फोनॉनला काच वाटावी, असा पदार्थ शोधा.

गुलमंडीची गर्दी कशी मोजायची?

आता शोधायचा कुठे? आवर्तसारणीतून तीन-चार मूलद्रव्यं निवडायची, त्यांचं प्रमाण बदलायचं, त्यात तिसऱ्याच कशाची तरी चिमूट टाकायची. शक्यता लाखोंच्या घरात जातात. एक नमुना भट्टीत बनवायचा, कुटायचा, दाबून वडी करायची, मोजमापं घ्यायची म्हणजे आठवडे जातात. सगळे नमुने बनवून बघायला सात जन्म पुरायचे नाहीत. इथे कॉम्प्युटर येतो.

पदार्थातले इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे सांगणारं समीकरण १९२६ पासून आपल्याकडे आहे. श्रोडिंजरचं. बीएस्सीला ते हायड्रोजनसाठी सोडवताना घाम फुटतो, आणि तिथे तर एकच इलेक्ट्रॉन असतो. इलेक्ट्रॉन वाढले की प्रत्येकाचे तीन निर्देशांक, प्रत्येकाची बाकी सगळ्यांशी ढकलाढकली. शंभर इलेक्ट्रॉनचं समीकरण जसंच्या तसं सोडवणं जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरच्या आवाक्यात नाही.

१९६४ आणि १९६५ मध्ये वॉल्टर कोन यांनी पिएर होहेनबर्ग आणि लू शाम या सहकाऱ्यांबरोबर यातून वाट काढली. दिवाळीच्या आदल्या दिवशी गुलमंडीत किती गर्दी आहे हे सांगायला तुम्ही एकेका माणसाचा माग काढता का? कुठल्या गल्लीत किती दाटी आहे, एवढा नकाशा पुरतो. कोन यांनी सिद्ध केलं की इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा असा नकाशा अचूक मिळाला, तर त्या पदार्थाच्या स्थिर अवस्थेची ऊर्जा तत्त्वतः त्यातून काढता येते. शेकडो निर्देशांकांच्या जागी तीनच उरले: लांबी, रुंदी, उंची. ही झाली डेन्सिटी फंक्शनल थिअरी, सगळे तिला डीएफटी म्हणतात. १९९८ मध्ये कोन यांना नोबेल मिळालं, ते रसायनशास्त्राचं. माणूस मात्र भौतिकशास्त्रातला.

दुसरी सोय निसर्गानंच करून ठेवलीय. स्फटिकात अणूंची एकच मांडणी फरशीसारखी पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे एका फरशीचं गणित केलं की सगळ्या मजल्याचं होतं.

प्रत्यक्ष काम साधारण असं चालतं. आधी स्फटिकाची रचना द्यायची: कुठला अणू कुठे बसलाय. डीएफटीचा प्रोग्राम इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पातळ्या काढतो. त्या पातळ्या दुसऱ्या प्रोग्रामला दिल्या की तो सीबेक गुणांक आणि विद्युतवाहकता काढतो. २००६ मध्ये आलेला बोल्ट्झट्रॅप हा त्यातला प्रसिद्ध प्रोग्राम. मग फोनॉन. त्यासाठी एकेक अणू जागेवरून किंचित हलवायचा आणि बाकीच्या अणूंवर किती बल येतं ते बघायचं. हे शेकडो वेळा केल्यावर कळतं की उष्णता या पदार्थातून किती सहज जाईल. पहिला भाग साध्या रचनेसाठी लॅपटॉपवर होतो. शेवटच्या भागाला मात्र मोठं यंत्र लागतं.

एक नमुना, दोन टेबलं

याचं एक अस्सल उदाहरण बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातलं आहे. तिथे रसायनशास्त्रज्ञ कनिष्क बिस्वास पदार्थ बनवतात. उमेश वाघमारे गणितानं पदार्थ समजून घेतात. आयआयटी मुंबईतून इंजिनीअरिंग फिजिक्स करून ते येल विद्यापीठात पीएचडीला गेले आणि परत येऊन इथेच रमले.

त्यांच्यासमोर सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइड हा पदार्थ होता. यात चांदी आणि अँटिमनीचे अणू एकाच प्रकारच्या जागांवर बसतात, तेही कसेही. जत्रेत दोन शाळांची मुलं मिसळावीत तसे. या गोंधळामुळे उष्णता छान अडते. पण इलेक्ट्रॉनही अडतात. म्हणजे अडथळा ट्रकसाठी लावला आणि बाईकही अडकल्या.

त्यांनी त्यात थोडं कॅडमियम मिसळलं. कॅडमियम शिरल्यावर काही नॅनोमीटरच्या छोट्या छोट्या भागांत चांदी आणि अँटिमनी शिस्तीत बसू लागले. शिस्त आल्यावर इलेक्ट्रॉनांची वाट मोकळी झाली. आणि हे शिस्तीचे तुकडे नेमके फोनॉन अडवायच्या मापाचे निघाले, त्यामुळे उष्णता आणखी अडली. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला झेडटी २.६ मिळाली. वर्षानुवर्षं जिथे १ म्हणजे चांगला पदार्थ समजला जायचा, तिथे हा आकडा मोठाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो शोधनिबंध आला.

यात गणितानं काय केलं? भट्टीतून 'आकडा वाढला' एवढंच कळतं. का वाढला, हे अणूंची शिस्त आणि इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या यांच्या हिशेबातून उलगडलं. आणि 'का' कळलं की तीच युक्ती दुसऱ्या पदार्थावर करून बघता येते. नाहीतर प्रत्येक वेळी नव्यानं अंधारात चाचपडणं आलं. आपल्या राज्यातही अशा जोड्या जमलेल्या आहेत. आयआयटी मुंबईत अफताब आलम यांचा गट गणिताच्या बाजूनं आणि तितास दासगुप्ता यांचा गट प्रयोगाच्या बाजूनं थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांवर काम करतो.

आकडा बघून लगेच भुलू नका

आता खरी मेख. कॉम्प्युटरवर पदार्थांचं गणित करणारे शोधनिबंध ढिगानं येतात आणि त्यांतल्या अनेकांत डोळे दिपवणारी झेडटी असते. तुम्ही कधी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी असा निबंध हातात घेतला, किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर असा आकडा आला, तर नाचायच्या आधी चार प्रश्न विचारा.

पहिला: इलेक्ट्रॉन एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंत किती वेळ धावतो, हे काढलंय की गृहीत धरलंय? बोल्ट्झट्रॅपच्या नेहमीच्या पद्धतीत विद्युतवाहकता थेट मिळत नाही, ती या वेळेनं भागून मिळते. सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग, असा आकडा अनेक जण सरसकट धरतात. खरा वेळ त्याच्या दहावा हिस्सा निघाला, तर सूत्रातला सगळा वरचा भाग दहा पटींनी खाली येतो.

दुसरा: फोनॉनची उष्णता मोजलीय का? ते गणित जड, म्हणून काही जण ते गाळूनच टाकतात. भागाकारातला खालचा आकडा लहान केला की उत्तर मोठं येणारच. खर्च न लिहिता जमाखर्च मांडला तर प्रत्येक दुकान नफ्यातच दिसेल.

तिसरा: ऊर्जेच्या पातळ्यांमधली फट बरोबर आलीय का? डीएफटीची रोजच्या वापरातली रूपं ही फट कमी दाखवतात. सिलिकॉनची खरी फट १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असताना गणितात ती जेमतेम निम्मी दिसते. फट चुकली की जास्त तापमानाचं सगळंच गणित चुकतं. याला उपाय आहेत, पण ते वापरायला वेळ लागतो.

चौथा: हा पदार्थ बनेल का? कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनांची संख्या बदलणं म्हणजे एक आकडा बदलणं. भट्टीत मात्र त्यासाठी बाहेरचा अणू घुसवावा लागतो. तो कधी जातो, कधी बाहेरच राहतो, कधी सगळा पदार्थच फुटून दोन वेगळे पदार्थ होतात.

अर्थात दर वेळी गणितच चुकतं असंही नाही. टिन सेलेनाइडची गोष्ट ऐका. २०१४ मध्ये त्याच्या एकसंध स्फटिकात ६५० अंशांच्या आसपास २.६ झेडटी मिळाली आणि सगळीकडे खळबळ उडाली. पण तोच पदार्थ पावडर दाबून बनवला की उष्णता जास्त वाहायची. खरं तर कणाकणांनी बनलेल्या वडीत ती आणखी अडायला हवी होती. बरीच वर्षं वाद चालला. शेवटी कळलं की कणांवर टिन ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि उष्णता त्यातून पळते. तो थर काढून टाकल्यावर दाबलेल्या वडीतही झेडटी ३.१ च्या आसपास गेली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तर्क बरोबर होता, नमुना मळका होता.

मग किती वीज मिळेल?

आता थोडा हिशेब करू. भट्टीची भिंत ३०० अंश, दुसरी बाजू पाण्यानं ३० अंशांवर ठेवली. पदार्थाची सरासरी झेडटी १ धरली तर जास्तीत जास्त १० टक्के उष्णतेची वीज होईल. झेडटी २ केली, तर १५ टक्के. प्रत्यक्षात सांधे, जोडणी, गळती यांत आणखी घट होते. आज बाजारात मिळणारी मॉड्यूल्स साधारण ५ टक्क्यांच्या आसपास घुटमळतात.

आणि आपला मे महिन्यातला पत्रा? वर ४५ अंश, खाली ३० अंश धरले, तर झेडटी १ असूनही एक टक्कासुद्धा मिळत नाही. त्याच जागेवरचं सोलर पॅनल २० टक्क्यांच्या आसपास देतं. त्यामुळे छताचा नाद सोडा. या पदार्थांची जागा तिथे आहे जिथे उष्णता कडक आहे, फुकट आहे आणि सतत आहे. किंवा जिथे थोडीच वीज लागते. लाकडाच्या चुलीला छोटा पंखा जोडला तर लाकूड नीट जळतं आणि धूर कमी होतो. त्या पंख्याला काही वॅटच लागतात आणि ते चुलीच्याच उष्णतेतून मिळू शकतात. अशा चुली बनल्या आहेत, विकल्याही जातात. कारखान्यात पाइपच्या उष्णतेवर चालणारा आणि बॅटरी न बदलावी लागणारा सेन्सरही याच जातीचा.

अडचण आणखी एक. टेल्युरियम दुर्मीळ आहे, चांदी महाग, कॅडमियम आणि शिसं विषारी. म्हणून मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, तांबं असल्या स्वस्त मूलद्रव्यांतून चांगला पदार्थ शोधणं, हे आज खूप मोठं आणि मोकळं मैदान आहे. आणि त्या मैदानात पहिलं पाऊल कॉम्प्युटरवरच पडतं.

संभाजीनगरात बसून काय करता येईल?

'हे सगळं आयआयटीवाल्यांचं, आपलं काय' असं वाटत असेल तर थांबा. भट्टी, एक्स-रे यंत्र, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रत्येक कॉलेजात नसतात, हे खरं. पण या कामाची अर्धी अवजारं फुकट आहेत. क्वांटम एस्प्रेसो हा डीएफटीचा प्रोग्राम मोफत उतरवून घेता येतो, त्याचा सोर्सकोडही खुला आहे. मटेरिअल्स प्रोजेक्ट हा अमेरिकेतून २०११ मध्ये सुरू झालेला माहितीसाठा नुसत्या नोंदणीवर वापरता येतो. त्यात लाखाहून जास्त पदार्थांची आधीच केलेली गणितं आहेत. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, एवढ्यावर सिलिकॉनच्या ऊर्जापातळ्या एका दुपारी निघतात.

शिकायचं काय? क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि सॉलिड स्टेट. बीएस्सीला हे विषय आपण 'पास व्हायचे' म्हणून उरकतो, तेच इथे भाकरी देतात. सोबत पायथॉन आणि लिनक्सची कमांड लाइन. एनपीटीईएलवर यांतल्या प्रत्येकाचे कोर्स फुकट आहेत. इंजिनीअरिंगवाल्यांनो, तुमची न्यूमरिकल मेथड्स इथे चालतात. केमिस्ट्रीवाले तर या गल्लीत सगळ्यात आधी पोचलेत.

मोठ्या यंत्राची गरज पडली तर तेही फार लांब नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेनं हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. आज राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हे यंत्र आहे. अशा यंत्रावर वेळ मिळवायचा तर मार्गदर्शक आणि नेमका प्रश्न हाताशी लागतो. त्यामुळे पहिलं काम तेच. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या किंवा स्वतःच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र विभागात जा आणि पदार्थविज्ञानात काम करणाऱ्या सरांना, मॅडमना भेटा. 'सर, तुम्ही बनवलेल्या नमुन्याचं गणित करून बघू का?' हा प्रश्न विचारा. नमुना त्यांचा, लॅपटॉप तुमचा. बंगळूरला जी दोन टेबलं जुळली, त्याचंच हे छोटं रूप.

पुढची वाट नेहमीचीच आहे. एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट. आणि त्याआधी चव घ्यायची असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, नेहरू केंद्राचीही स्वतंत्र उन्हाळी फेलोशिप आहे. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी निघतात, म्हणून वेळेवर लक्ष ठेवा. निवड कठीण असते. पण अर्जात 'मला विज्ञानाची आवड आहे' यापेक्षा 'मी या पदार्थाचं गणित केलं, इथे अडलो' हे लिहिलेलं कधीही वजनदार.

शनिवारी करून बघा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीईसी१-१२७०६ नावाची चार सेंटिमीटरची चौकोनी चकती काही शे रुपयांत मिळते. छोट्या फ्रिज-कूलरात थंड करायला वापरतात. नावातले १२७ म्हणजे आतल्या जोड्या. प्रत्येक जोडीत बिस्मथ टेल्युराइडचे दोन तुकडे असतात.

एका बाजूला बर्फ भरलेला स्टीलचा डबा आणि दुसऱ्या बाजूला गरम पाण्याचा डबा घट्ट टेकवा, मध्ये चकती. तारांना मल्टिमीटर लावा. दोन तुकड्यांचे मिळून एका अंशाला सुमारे ४०० मायक्रोव्होल्ट, असे १२७ वेळा. चकतीच्या दोन बाजूंत खरोखर ५० अंशांचा फरक पडला, तर अडीच व्होल्ट दिसायला हवेत. तुमच्याकडे कमी येतील. का कमी आले, उष्णता कुठे अडली, डबा नीट टेकला होता का, हे शोधा. मग छोटी मोटर जोडा आणि व्होल्टेज आणखी कसं पडतं ते बघा. चकती गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नका, आतलं सोल्डर वितळतं.

गणित अडीच व्होल्ट म्हणतंय आणि मल्टिमीटर दीड दाखवतोय, या एका व्होल्टचा हिशेब तुम्हाला लावता आला, तर या विषयाची सुरुवात झाली असं समजा.